खोली माझी नाही, तरी लिहून ठेवतो

मी, लोटू हिलाल बडगुजर, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ राहणार बोरपिंप्री, तालुका पारोळे, जिल्हा जळगाव, हल्ली मुक्काम सुरत, कतारगाम, छगनभाईंची चाळ, खोली नंबर सात, हे माझे शेवटचे इच्छापत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्या छातीत दमा आहे, डोक्यात बिघाड नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, मला कोणी काही पाजलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मालमत्ता म्हणावी असे जवळ काही नव्हते. आताही फारसे नाही. पण जे आहे ते आणि जे मिळाले नाही ते, दोन्ही लिहून ठेवल्याशिवाय मला जाता येणार नाही.

कलम पहिले. मी राहतो ती खोली माझी नाही. सन १९५३ पासून मी तिचा भाडेकरू आहे. भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, असे वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितले. तरी कायदा असा आहे की भाडेकरू मरतेवेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरू म्हणून राहता येते. माझी मुलगी मालती गेली चार वर्षे माझ्याबरोबर राहत आहे. लोक म्हणतात नवऱ्याने तिला टाकली. ते खोटे आहे. तिने त्याला टाकला, आणि बरे केले. तिने माझ्या दहाव्याला, तेराव्याला किंवा कोणाच्या लग्नालासुद्धा खोलीला कुलूप लावून परगावी राहायला जाऊ नये. छगनभाई सांत्वनाला येतील, बरोबर फळे आणतील आणि कागदही आणतील. फळे घ्यावीत. कागदावर सही करू नये.

छगनभाई माणूस वाईट नाही, पण त्यांनी चोवीस वर्षांत मला भाड्याची पावती दिली नाही. मी मागितली की म्हणायचे, "लोटूभाई, पावती जोईए तो बीजुं घर जोई लो." दुसरे घर! सुरतेत रोज गाडीभर माणसे उतरत होती. खानदेशातून, ओरिसातून, कुठून कुठून. जी खोली मी महिन्याच्या भाड्यावर घेतली, तशीच शेजारची खोली पुढे पागडी दिल्याशिवाय मिळेना. म्हणून मी पावतीशिवाय राहिलो आणि भाडे मनीऑर्डरने पाठवू लागलो. ते परत करत. परत आलेल्या मनीऑर्डरींचे सगळे कागद पत्र्याच्या पेटीत तारखेप्रमाणे लावून ठेवले आहेत. ते मालतीचे. कोर्टात तेच तिचे घर आहे असे समजावे.

कलम दुसरे. पोस्टाच्या पासबुकात आहे ते सर्व मालतीला. भागीरथीचे, म्हणजे माझ्या मयत पत्नीचे, चांदीचे कडे व दोन लुगडी मालतीला. सायकल मालतीला. ती चालवत नाही, पण शिकावी.

कलम तिसरे. माझी हत्यारे, म्हणजे फणीतून तार ओढायचा आकडा, कात्री, आणि माग जुळवायचे सहा लोखंडी पाने. ही मालतीने कोणाही गरजू कारागिराला द्यावीत. मी काम करतो त्या मागांच्या शेडच्या शेठला मात्र विकू नयेत, त्याने दुप्पट किंमत दिली तरी. कारण पुढे येईल.

कलम चौथे. आता बन्सीलालविषयी. हे कलम लांब आहे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. मी म्हणालो, मला आहे.

बन्सीलाल नागो महाजन माझ्या गावचा. आम्ही एकाच दिवशी सुरतेत उतरलो आणि एकाच मिलमध्ये लागलो. मी सातवी पास, त्याला अक्षर येत नव्हते. गुजराती मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. वस्तीतल्या सगळ्यांची पत्रे, अर्ज, फॉर्म मी लिहायचो. मागावर मी त्याच्यापेक्षा चलाख होतो. हे मी नाही, जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणत असे. सन ६२ मध्ये मी मिल सोडली आणि एका शेठच्या शेडमध्ये मागावर बसलो, कारण तिथे हातात जास्त पडत होते. बन्सीलालला म्हणालो, "चल, इथे काय म्हातारा होणार आहेस?" तो म्हणाला, "माले आठेच बरं शे." मी हसलो. चार माणसांत हसलो.

पुढच्याच वर्षी सरकारने कारखान्यांतील कामगारांसाठी कमी भाड्याची क्वार्टरे बांधली. दोन खोल्या, मोरी, आत नळ, आणि भाडे छगनभाईंच्या खोलीपेक्षा कमी. अर्ज मागवले. आमच्या आळीतले नऊ अर्ज मी लिहिले. बन्सीलालचा मी लिहिला आणि माझा मी लिहिला. एकाच दौतीतून, एकाच बैठकीत.

माझा अर्ज खिडकीवरच परत आला. कारकुनाने कारखान्याचा नोंदणी नंबर विचारला. मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाला, "नोंदणी कसली? माझ्याकडे कारखाना आहेच कुठे? ही तर तीन भावांची तीन दुकानं आहेत." खरेच त्याने शेडमध्ये दोन ठिकाणी पत्रे ठोकून कागदावर तीन शेड केल्या होत्या, म्हणजे माणसे कमी दिसावीत आणि कायदा लागू नये. त्या पत्र्यांच्या फटीतून आम्ही एकमेकांना विड्या द्यायचो. त्या दिवसापर्यंत मला त्या पत्र्यांचे हसू येत असे. सरकारच्या लेखी मी कामगारच नव्हतो. हत्यारे शेठला का विकायची नाहीत, ते यावरून समजावे.

चिठ्ठ्या निघाल्या. बन्सीलालचे नाव निघाले. मी लिहिलेल्या अर्जावर त्याला घर मिळाले. तो पेढे घेऊन माझ्याकडे सर्वांत आधी आला आणि म्हणाला, "लोटूभाऊ, हाई तुन्हा अक्षरनं घर शे." त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मी पेढा खाल्ला. तो पेढा मला आज चौदा वर्षांनी गिळता आलेला नाही.

भागीरथीला घेऊन मी ते क्वार्टर बघायला गेलो. उधन्याच्या रस्त्याला, उंचावर. बन्सीलालची बायको प्रमिलाबाई तिला एकेक दाखवत होती. हा ओटा, ही फळी, ही मोरी. मोरीला दार होते आणि दाराला आतून कडी. भागीरथी आत गेली आणि कडी लावली. बराच वेळ बाहेर येईना. आम्हाला वाटले, हातपाय धुते आहे. आली तेव्हा हात कोरडे होते. परतताना रस्त्यात म्हणाली, "मी फक्त कडी लावून उभी राहिले." आमच्या खोलीत ती दहा वर्षे दोरीवर लुगडे टाकून त्याच्या आड आंघोळ करत होती, आणि माझे मित्र आले की पहाटेची आंघोळ दुपारवर जात होती. त्या दिवसापासून मला बन्सीलालचे सगळे दिसू लागले. त्याचा स्वच्छ सदरा दिसला की मला आतला नळ दिसायचा. त्याची मुलगी शाळेत वरच्या नंबराने पास झाली, तेव्हा मी मनात म्हणालो, होणारच, हिला अभ्यासाला दुसरी खोली आहे. माझी मालती पाचवीतून उठली आणि बॉबिन भरायला बसली. ती कमी हुशार नव्हती.

कलम पाचवे. सन १९६८ च्या ऑगस्टात तापीला पूर आला. कतारगामला पाणी चढू लागले. आम्ही तिघे माळ्यावर सामान टाकत होतो. दुपारी बन्सीलाल कमरेएवढ्या पाण्यातून चालत दारात उभा राहिला. त्याचे घर कोरडे होते, त्याला यायचे काही कारण नव्हते. म्हणाला, "चाल भाऊ. पाणी चढी राहिनं. पोरगीले मन्हा हात धरू दे, तू वहिनीले धर." अर्धी सुरत ओलांडून त्याने आम्हाला घरी नेले.

आम्ही त्याच्या घरी एकोणीस दिवस राहिलो. पुढची खोली आम्हाला दिली आणि ते चौघे आतल्या खोलीत झोपले. प्रमिलाबाई मला आधी वाढायच्या. बन्सीलालने आमच्याकडून धान्याचा दाणा घेतला नाही. शेजाऱ्यांनी विचारले की सांगायचा, "मन्हा गाववाला शे. जोपर्यंत ऱ्हावाना तोपर्यंत ऱ्हाई मन्हा घरमा." त्याच्या घरात. तो शब्द तो साधेपणाने बोलायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. कोणी मला वाईट वागवले असते तर मी इतका जळलो नसतो.

पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो. खोलीत कोनाड्यापर्यंत चिखल. दाराला छगनभाईंचे कुलूप, आणि डागडुजीसाठी भाडे वाढवून हवे. मी कुलूप तोडले. आम्ही तिघांनी चिखल काढला. पाटीने चिखल उचलता उचलता भागीरथी म्हणाली, "अजून चार दिवस तिथंच राहिलो असतो." एवढेच. तिने टोमणा मारला नव्हता. तिच्या कमरेत कळ होती.

त्या रविवारी भागीरथी आणि मालती नदीवर कपडे धुवायला गेल्या असता मी कागद घेऊन बसलो आणि क्वार्टरांच्या कचेरीला निनावी अर्ज लिहिला. गुजरातीत लिहिला. अक्षर बदलून लिहिला. अमुक नंबरच्या क्वार्टरात बन्सीलाल नागो महाजन याने परके कुटुंब ठेवले असून त्यांच्याकडून भाडे घेतो, हे नियमाविरुद्ध आहे, तरी चौकशी होऊन क्वार्टर खाली करून घ्यावे. ते परके कुटुंब म्हणजे मी, माझी बायको आणि माझी मुलगी. भाडे घेतो, हे मी खोटे लिहिले. हा अर्ज मी लिहिला, दुसऱ्या कोणी नाही. भागीरथीला हे ठाऊक नव्हते. मालतीला हे वाचून प्रथमच कळेल.

दीड महिन्याने बन्सीलाल नोटीस घेऊन आला. कोणाकडे येणार? तो माझ्याकडेच यायचा. म्हणाला, "भाऊ, हाई वाची दे." मी वाचून दाखवली. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर क्वार्टर काढून घेण्यात येईल. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. विचारले, "कोणी लिखं व्हई रे?"

मी म्हणालो, "असतात जळणारी माणसं."

भागीरथीने त्याच्यासाठी चहा टाकला आणि त्या अर्ज करणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. मी त्या बसून ऐकल्या.

मग बन्सीलाल म्हणाला, "तू जवाब लिख. तुन्हासारखं कोणी लिखत नही." मी जबाब लिहिला. गुजरातीत, चार पाने. पूर कसा आला, तो कसा आला, कोणाला नेले, किती दिवस ठेवले, आणि काही घेतले नाही. आश्रय दिलेल्या कुटुंबप्रमुखाचे नाव म्हणून मी माझे नाव लिहिले. इतका चांगला कागद मी जन्मात दुसरा लिहिला नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तो अंगठा उठवून गेला तेव्हा माझी इच्छा काय होती, असे कोणी विचारेल तर मला सांगता येणार नाही. जबाब मान्य व्हावा असेही वाटत होते, आणि नाही झाला तर प्रमिलाबाई कडी कुठल्या दाराला लावतील, असेही वाटत होते.

जबाब मान्य झाला. क्वार्टर राहिले. बन्सीलालने येऊन सांगितले, "मिटनं." आणि त्यानंतर त्याने माझ्याकडून एकही कागद लिहून घेतला नाही. त्याची थोरली मुलगी लिहू लागली. सणाला बोलवायचा, भागीरथी सन ७२ मध्ये गेली तेव्हा पहिला खांदा त्याने दिला, पण कागद नाही. त्याला काही कळले की काय, हे मी विचारले नाही.

पुढे सरकारने ठरवले की क्वार्टरात राहणाऱ्यांनाच ती हप्त्याने विकत द्यावीत. भाड्याऐवजी हप्ता, आणि शेवटी मालक. बन्सीलाल मिलच्या मागावर बसल्या जागी घराचा मालक झाला. मी जास्त कमावले, जास्त शिकलो, जास्त धावलो, आणि मी भाडेकरू मरतो आहे. हे कोणाची चूक म्हणून लिहीत नाही. लिहिल्याने जरा दम कमी लागतो.

कलम सहावे. बन्सीलाल यास माझ्या मालमत्तेतील काही देत नाही. त्याला काही कमी नाही. त्याला मी वरील कबुली देतो. माझा पेन आणि दौत त्याच्या थोरल्या मुलीला द्यावी. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे, हेही मला आवडलेले नाही.

मालतीने त्यांच्याकडे जेवायला खुशाल जावे. राहायला जाऊ नये, एक रात्रही नाही. खोलीचा हक्क जाईल म्हणून सांगतो. थोडे दुसऱ्या कारणानेही सांगतो.

कलम सातवे. सन १९६७ मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वतःच्या घरांची दुसरी योजना निघाली. तिला कारखान्याची नोंदणी लागत नव्हती. मी त्या यादीत नाव घातले, अनामत भरली. दहा वर्षे झाली. दर दिवाळीनंतर मी कचेरीत जाऊन नंबर विचारतो. नंबर पुढे सरकतो, पण माझे वय त्याच्यापेक्षा लवकर सरकते. माझ्या पश्चात ही अनामत व हा नंबर मालतीच्या नावे व्हावा म्हणून मी अर्ज दिला आहे. नियमात बसत असेल तर तिने तो सोडू नये. दरवर्षी जाऊन विचारावे. कारकुनाशी भांडू नये, तोही भाड्यानेच राहतो. मी विचारले आहे.

इथे मृत्युपत्र संपणार होते. पण कालचे लिहिणे भाग आहे.

काल दुपारी साक्षीसाठी मी बन्सीलालला बोलावले. साक्षीदाराला मजकूर सांगायची गरज नसते, नुसती सही पुरते. वकीलसाहेबांनी तसे सांगितलेही होते. पण तो बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "वाची दाखाड." मालती बॉबिनच्या कामावर होती. खोलीत दुसऱ्या साक्षीदार मंगलाबाई होत्या, शेजारच्या आठ नंबरच्या. मी सगळे वाचून दाखवले. कलम पाचवे वाचताना माझा आवाज दोनदा गेला, तो दमाने गेला असे मंगलाबाईंना वाटले असावे.

वाचून झाल्यावर बन्सीलाल म्हणाला, "माले तवयच समजेल व्हतं."

मी विचारले, "कसं?"

त्याने सांगितले ते असे. कचेरीतल्या साहेबांनी निनावी अर्ज आणि माझा जबाब शेजारी शेजारी ठेवले आणि त्याला विचारले, "गुजराती अक्षरांवर रेघ कोण मारतं?" गुजरातीला डोक्यावर रेघ नसते. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या हाताला ती सवय, अक्षर बदलले तरी रेघ गेली नव्हती. दोन्ही कागदांवर जागोजाग ती रेघ होती. साहेब म्हणाले, "जबाब कोणी लिहून दिला त्याचं नाव सांग. खोटा अर्ज करणाऱ्याचं नाव कुठल्या यादीत असेल तर मी ते कायमचं काढतो."

"मग?" मी विचारले.

"मी सांगं, कचेरीना बाहेर एक लिखणारा बसस, त्यानी लिखी दिधं. त्यानं तोंड याद नही." मग म्हणाला, "तुन्हं नाव यादीमा व्हतं ना, भाऊ. एकदाव कटनं म्हणजे गयं."

म्हणजे गेली नऊ वर्षे मी ज्या नंबरामागे जातो आहे, तो त्याने खोटे बोलून माझ्यासाठी ठेवला.

मी म्हणालो, "मला कधी बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "बोलतो तर तू मन्हा घर ऊना नसता." खरेच, मी पुन्हा त्याच्या घरी गेलो नसतो.

मंगलाबाई चहा पुढे ठेवून डोळे पुसत होत्या. मला वाटले, आता माझ्याही छातीवरचे ओझे उतरेल. खरे लिहायचे आहे म्हणून लिहितो, तसे झाले नाही. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला त्याचा हेवाच वाटत होता, त्या क्वार्टरासाठी वाटला त्याहून जास्त. असे मन माझ्याकडे का नाही, ते कुठल्या यादीत नाव घातल्यावर मिळते, ते मला अजून समजलेले नाही. मात्र या वेळी मी भिंतीकडे तोंड केले नाही. त्याचा हात धरून बसलो. तो म्हणाला, "आते सही कर, चहा थंडा व्हई राहिना." एवढे लिहायचे होते म्हणून सही काल केली नाही, आज दोघांना पुन्हा बोलावले आहे.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीवर, खोली नंबर सातमध्ये दाराजवळ उजेडात बसून लिहिला, वाचला आणि बरोबर आहे म्हणून सही करतो. खाडाखोड नाही.

ठिकाण: सुरत. तारीख: १४ नोव्हेंबर १९७७.

लिहून देणार: लोटू हिलाल बडगुजर (सही). राहणार कतारगाम, भाड्याने.

साक्षीदार: मंगलाबाई धुडकू पवार (डाव्या हाताचा अंगठा). राहणार कतारगाम, भाड्याने.

साक्षीदार: बन्सीलाल नागो महाजन (डाव्या हाताचा अंगठा). राहणार उधना रस्ता, घर स्वतःचे. हे शेवटचे दोन शब्द त्याने सांगितलेले नाहीत. मी माझ्या हाताने लिहिले आहेत.